पावसाळी स्वारीचे सामान : एक संवाद

मोटारसायकलीवरून दूरचा प्रवास करणाऱ्या मनुष्याला जे स्वातंत्र्य लाभते, त्याचे मोल त्याला दोन प्रकारे द्यावे लागते : त्याच्या देहावर छप्पर नसते आणि त्याच्या सामानावरही नसते. यांपैकी देहाच्या रक्षणाचा विचार बहुतेक जण वेळीच करतात. शिरस्त्राण, रेनकोट आणि बूट यांची खरेदी चार दुकाने हिंडून, चार जाणत्यांना विचारून होते. सामानाचा प्रश्न मात्र निघण्याच्या आदल्या रात्री, घरात सापडेल ती पिशवी मागच्या आसनावर दोरीने आवळून, निकालात काढला जातो. कोरड्या ऋतूत ही बेफिकिरी खपून जाते. परंतु वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या पुण्यातून सकाळी निघालेला स्वार जेव्हा संध्याकाळी आंबोलीस पोहोचतो, तेव्हा तो सुमारे ७००० मिलिमीटर पावसाच्या मुलखात शिरलेला असतो. आणि मुक्कामाच्या खोलीत पिशवी सोडल्यावर अंगावर घालायचे कपडे, औषधे, कागदपत्रे आणि विजेची उपकरणे ही सारी पाणी गळत हाती आली, म्हणजे हा प्रश्न नुसत्या सोयीचा नसून प्रवास तडीस जाण्याचा आहे, हे त्याला उमगते.

या प्रश्नाला जाणकारांत दोन उत्तरे दिली जातात. एक पक्ष म्हणतो की पिशवी अशीच असावी, जिच्या अंगातून पाण्याचा एक थेंबही आत जाणार नाही. दुसरा म्हणतो की बाहेरची पिशवी खुशाल भिजावी; तिचे काम झीज, चिखल आणि ओढाताण सोसण्याचे, आणि पाणी अडवण्याचे काम आतल्या वेगळ्या अस्तराचे. माझ्या परिचयाच्या एका घरात हे दोन्ही पक्ष नांदतात. मामांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात, कोकण आणि घाटमाथा यांच्या दौऱ्यांत, बुलेटवर झाली. त्यांच्या भाचीने इचलकरंजीस वस्त्रतंत्राचे शिक्षण घेतले, ती लेपित कापडाच्या कारखान्यात मालाची पारख करते आणि स्वतः हिमालयन मोटारसायकल चालवते. जुलै महिन्यात पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोकणात उतरून गोव्यापर्यंत जाण्याचा तिचा बेत ठरला, त्या वेळी पिशवीच्या खरेदीवरून या दोघांत जे बोलणे झाले, त्याचा आशय येथे देत आहे.

मामा : सर्वांत आधी एक सांग. हल्ली पुष्कळ जण मोटारसायकलीच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या लावतात. पेटीला कुलूप लागते आणि तिचे झाकण नीट बसणारे असले की पावसाचीही चिंता नाही. मग तू पिशवीच्याच मागे का?

भाची : तीन कारणांसाठी, मामा. पेटी आणि तिला धरणारी लोखंडी चौकट यांचेच वजन एवढे होते की सामान ठेवण्यापूर्वीच गाडी जड होते. दुसरे, निसरड्या चिखलात गाडी आडवी झाली, तर धातूच्या पेटीची कड आणि जमीन यांच्यामध्ये पाय सापडण्याचा धोका असतो. पिशवी तेथे दबते आणि पायाला वाव देते. तिसरे, पेटी एकदा चेपली की तिचे झाकण पूर्वीसारखे बसत नाही, आणि मग तिची जलरोधकताही गेली. कुलपाचा लाभ मला मान्य आहे. परंतु पिशवी सोडून खोलीत नेता येते, म्हणून तेवढी उणीव मी पत्करते.

मामा : येथपर्यंत आपले एकमत आहे. आता खरा वाद. तू जी जर्मन पिशवी घेऊ म्हणतेस तिला शिवण नाही, खिसे नाहीत, चेन नाही. नुसती एक नळी, तिचे तोंड गुंडाळायचे आणि दोन्ही बाजूंनी बकल लावायचे. मी आयुष्यभर जाड कॅनव्हासची दुतोंडी पडशी आसनावर टाकली, तिच्यात खताच्या गोणीतील पॉलिथिनचे अस्तर घातले, त्याचे तोंड पीळ देऊन बांधले, आणि धरणाचे नकाशे, मोजणीची वही व पगारपत्रके दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत कोरडी पोहोचवली. ज्या योजनेने एवढे काम दिले, ती टाकून देण्याजोगे नवे ज्ञान काय मिळाले?

भाची : ज्ञान जुनेच आहे, मामा, त्याचे उपाय नवे आहेत. चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये रबराचा थर दोन कापडांमध्ये दाबून पाणी न शिरणाऱ्या कापडाचे पेटंट घेतले. कापड उत्तम होते. पण शिंप्यांनी त्याचे कोट शिवले आणि सुईने पाडलेल्या छिद्रांतून पाऊस आत आला. तो दोष आजच्या शिवलेल्या पिशवीतही तसाच आहे. एका सेंटिमीटरमध्ये तीन टाके धरले, तर एक मीटर शिवणीत तीनशे छिद्रे होतात. मधले कापड कितीही भारी असो, पाणी शिवणीतून येते. आपल्याकडे सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० मध्ये बेंगॉल वॉटरप्रूफचा उद्योग उभारला आणि त्यांच्या डकबॅक रेनकोटांनी कित्येक पिढ्या पावसातून नेल्या. तेथेही सारे कसब सांधा बुजवण्यातच होते. आता सांधा शिवावाच लागत नाही. पीव्हीसी किंवा टीपीयू या प्लॅस्टिकांचा लेप दिलेल्या कापडाच्या दोन कडा एकमेकींवर ठेवून त्यांतून उच्च वारंवारतेचे, बहुधा २७.१२ मेगाहर्ट्झचे, विद्युत्‌क्षेत्र सोडतात. लेपाचे रेणू आतूनच तापतात, वितळतात, आणि दाबाखाली दोन कडांची एक कड होते. छिद्र पडतच नाही, मग बुजवायचे काय?

मामा : कारखान्यात पडत नाही, रस्त्यावर पडते. पिशवी गाडीच्या अंगाला घासते, चौकटीच्या टोकाला लागते, धाब्याच्या भिंतीला खरवडते. तुझ्या पिशवीचे बाहेरचे कातडे तेच तिचे आतले कातडे. त्याला एक भोक पडले की सगळा बंदोबस्त ढासळला. शिवाय ते भोक बहुधा तळाशी नसते, जरा वर असते. त्यातून आत गेलेले पाणी बाहेर पडत नाही, कारण उरलेली पिशवी पाणी धरून ठेवण्यात तितकीच पटाईत असते. माझ्या पडशीच्या तळाला मी पितळी कड्यांची दोन भोके मुद्दाम ठेवली होती. पाणी यावे आणि जावे. आत अस्तर कोरडे.

भाची : या आक्षेपात तथ्य आहे, आणि मी तो नाकारणार नाही. परंतु तुमच्या पडशीचा दुसरा हिशेब मांडा. भिजलेले कॅनव्हास पुष्कळ पाणी पिते. ते पाणी म्हणजे वजन. तेही गाडीच्या मागच्या भागात, जेथे वजन वाढले की पुढचे चाक हलके पडते आणि घाटाच्या वळणावर गाडी सैल वाटू लागते. शिवाय अशी पिशवी कोकणात रात्रभरात वाळत नाही. सकाळी ओल्या पिशवीत कोरडे अस्तर घालताना ते बाहेरून ओले होते. त्याचे तोंड उघडताना तेच पाणी आत ओघळते. आणि पॉलिथिनचे अस्तर एका खिळ्याने फाटते. तुमच्या योजनेतही पाणी अडवणारा थर एकच आहे, मामा. तो फक्त आत लपलेला आहे.

मामा : लपलेला आहे म्हणूनच सुरक्षित आहे. त्याच्यावर घर्षण नाही, ऊन नाही, सायलेन्सरची धग नाही. आणि फाटला तर पुढच्या बाजारगावी कृषी सेवा केंद्रात दुसरी पिशवी मिळते. ती नाही मिळाली तर किराणा दुकानात मिळते. बाहेरचे कॅनव्हास उसवले तर चपला शिवणारा दोन टाके घालून देतो. तुझा तो विजेने जोडलेला सांधा राजापुरात उकलला, तर तो कोण जोडणार?

या ठिकाणी मला थांबून वाचकांचे लक्ष एका गोष्टीकडे वेधावेसे वाटते. मामांचा प्रश्न पिशवीच्या उत्तमपणाविषयी नाही, तिच्या दुरुस्तीविषयी आहे. आणि जो माल दुकानात नवा असताना पारखला जातो, त्याच्या पारखीत हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. भाचीने त्याला दिलेले उत्तर सविस्तर होते, आणि ते तिच्या विद्येला शोभणारे होते.

भाची : ते कोणता लेप आहे यावर अवलंबून आहे, म्हणून पिशवी घेताना पहिला प्रश्न लेपाचाच विचारावा. पीव्हीसीचा लेप जड, पण स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा. त्याच कापडाचा तुकडा आणि पीव्हीसी चिकटवण्याचे द्रावण जवळ ठेवले, तर भोक पंधरा मिनिटांत बुजते. ट्रकच्या ताडपत्रीचे काम करणारा कारागीर उष्ण हवेच्या यंत्राने उकललेला सांधाही जोडून देतो. त्याचा दोष हा की मऊपणासाठी त्यात मिसळलेली द्रव्ये वर्षानुवर्षांत निघून जातात आणि कापड कडक होते. कडाक्याच्या थंडीत ते घडीवर तडकू शकते. कोकणात हा दोष जाणवत नाही, लडाखात जाणवेल. टीपीयू हलका, थंडीतही लवचीक आणि घर्षणाला चिवट, पण महाग. तिसरा प्रकार म्हणजे पातळ पॉलियुरेथेनचा लेप आतून दिलेले नायलॉन. बाजारातल्या पुष्कळ शिवलेल्या पिशव्यांत हेच असते. त्यापासून तुम्ही विशेष सावध राहावे, कारण त्या लेपाच्या काही जाती उष्ण आणि दमट हवेत पाण्याच्याच योगाने विघटित होतात. पावसाळ्यानंतर माळ्यावर टाकलेली पिशवी पुढच्या जूनमध्ये उघडली की आतून चिकट लागते, आंबूस वास येतो आणि लेपाचे पापुद्रे सुटतात. कापड शाबूत दिसते. जलरोधकता केव्हाच संपलेली असते.

मामा : हा रोग मी पाहिला आहे, त्याचे कारण आज समजले. पण मग विक्रेते जे आकडे सांगतात त्यांचा इतबार कितपत धरावा? अमुक डेनियर, अमुक हजार मिलिमीटर.

भाची : आकडे खोटे नसतात, पण प्रत्येक आकडा एकाच गोष्टीची साक्ष देतो. डेनियर म्हणजे ९००० मीटर सुताचे ग्रॅममधील वजन. १००० डेनियरचे सूत ५०० डेनियरच्या सुताहून दुप्पट जड, म्हणून साधारणतः अधिक दणकट. त्यावरून पाणी अडेल की नाही हे कळत नाही. मिलिमीटरचा आकडा म्हणजे कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केल्यावर ते पाझरू लागते, त्याचे माप. ते कापडाच्या तुकड्याचे माप आहे, पिशवीचे नव्हे. शिवण आणि तोंड यांची परीक्षा त्यात होत नाही. सबंध पिशवीविषयी बोलणारा आकडा आयपी या अक्षरांपुढे येतो. त्यातील पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ६४ म्हणजे धूळ मुळीच आत जात नाही आणि कोणत्याही दिशेने उडालेले पाणी अपाय करत नाही. आयपी ६७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवूनही चालते. गुंडाळून बंद होणाऱ्या पिशव्यांना बहुधा पहिल्यासारखीच ग्वाही असते, आणि तेवढी पुरते. कारण आपल्याला सामान पाण्यात बुडवायचे नाही, पावसातून न्यायचे आहे.

मामा : पण धावत्या गाडीवरचा पाऊस हा उभ्या माणसावरच्या पावसासारखा नसतो.

भाची : मुळीच नसतो. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने खाली येतो. गाडी ताशी ८० किलोमीटरने चालली की तिचा स्वतःचा वेग सेकंदाला २२ मीटर होतो. दोहोंचा हिशेब केला तर समोरून आदळणाऱ्या थेंबाची ऊर्जा उभ्या माणसावर पडणाऱ्या थेंबाच्या सुमारे सातपट भरते. आणि हे वरून येणाऱ्या पाण्याचे झाले. मागचे चाक खालून जो चिखल आणि पाणी उडवते, ते पिशवीच्या तळावर तासन्‌तास मारा करते. म्हणूनच पिशवीवर ओढायचे जे पातळ आवरण विक्रेते फुकट देतात, त्यावर माझा भरवसा नाही. ते वाऱ्याने फुगते, फडफडते, पट्ट्यांच्या जागी उघडे राहते. तळाला ते नसतेच, किंवा असले तर वरून ओघळलेले पाणी त्यातच साठते आणि पिशवी त्या डबक्यात बसून राहते.

मामा : आवरणाविषयी तू आणि मी एका बाजूला. चेनविषयी काय?

भाची : जलरोधक चेन असते, पण ती महाग, आणि चिखलाचा कण दातांत अडकला की तिची ग्वाही संपते. साध्या चेनीवर नुसता लेप दिलेला असेल तर ती शिंतोडे अडवते, संततधार अडवत नाही. गुंडाळण्याच्या तोंडात बिघडण्यासारखे काही नाही. मात्र तीन घड्या पुऱ्या पडल्या पाहिजेत. पिशवी ठासून भरून दीड घडीवर बकल लावणारा मनुष्य जलरोधक पिशवी विकत घेऊन ती स्वतःच निकामी करतो.

मामा : आता माझा शेवटचा आणि मोठा आक्षेप ऐक. तू पाणी बाहेर ठेवशील. आतले काय करशील? दिवसभर भिजलेला सदरा संध्याकाळी त्याच पिशवीत कोंबलास, तर तो रात्रीतून सगळ्या कपड्यांना ओल देईल. नुसती दमट हवा जरी कोंडली, तरी कोकणातून घाट चढून थंडीत आल्यावर तिच्यातले बाष्प आतल्या बाजूला जमते. माझ्या कॅनव्हासला श्वास आहे, तुझ्या पिशवीला नाही.

भाची : तो आक्षेप मी पूर्णपणे मान्य करते. जलरोधक पिशवी बाहेरच्या पाण्याला जशी आत येऊ देत नाही, तशी आतल्या पाण्याला बाहेरही जाऊ देत नाही. म्हणून ओल्या वस्तूंना त्या पिशवीत प्रवेश नाही, हा नियम मी पाळते. त्यांच्यासाठी बाहेर बांधलेली जाळीची वेगळी थैली असते. रेनकोट आणि ओले मोजे तेथे. हत्यारेही बाहेरच्याच कप्प्यात, तेल पुसलेल्या फडक्यात गुंडाळून; कारण पंक्चरचा सरंजाम पावसात उघडावा लागतो आणि त्यासाठी कोरड्या कपड्यांची पिशवी उघडणे हा आत्मघात आहे.

मामा : आणि कागद? औषधे?

भाची : ती मोठ्या पिशवीच्या आत, पण पुन्हा एका लहान बंद थैलीत.

मामा : म्हणजे अस्तर आलेच!

भाची : आले, मामा. परंतु सगळ्या सामानासाठी नव्हे. ज्याच्या भिजण्याने प्रवास थांबतो तेवढ्यासाठी.

वादाचा गाभा येथे उघड झाला असे मला वाटते. मामा ज्याला अस्तर म्हणत होते आणि भाची ज्याला लहान थैली म्हणत होती, त्या दोहोंचे प्रयोजन एकच : एक तट पडला तर दुसरा उभा असावा. जगातील नामांकित कारागीरही या प्रश्नावर दोन पक्षांत विभागलेले आहेत. जर्मनीचा ऑर्टलिब सांधे वितळवून केलेल्या एकेरी पिशवीचा पुरस्कर्ता. इंग्लंडचा क्रीगा आणि अमेरिकेचा मॉस्को मोटो यांनी बाजूच्या कित्येक पिशव्यांत दणकट बाह्यांग आणि काढता-घालता येणारे जलरोधक अंतरंग अशी वाटणी केली आहे. भारतातही रायनॉक्स आणि व्हायाटेरा यांसारखे उत्पादक आपल्या गाड्यांच्या मापाच्या पिशव्या करू लागले आहेत. सबब एक पक्ष शहाणा आणि दुसरा अडाणी असे नाही.

मामा : पिशवी कोणतीही घे, पण ती गाडीवर नीट बसली नाही तर वरची सारी चर्चा व्यर्थ आहे. तुझ्या हिमालयनचा सायलेन्सर उजवीकडे वर उचललेला आहे. नायलॉन दोनशे अंशांच्या पुढे वितळते हे खरे, पण लेप त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतो. उजव्या पिशवीच्या आत सायलेन्सरपासून हातभर नको, पण चांगली चार बोटे हवा खेळेल अशी चौकट किंवा धातूचे ढालपत्र लाव. डावीकडे साडीगार्ड आहे ते काढू नकोस. शोभेसाठी पुष्कळ जण काढतात. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकला पाहिजे, असा १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच दंडक आहे, आणि पिशवीलाही तोच आधार देतो. दोन माणसे बसवून गाडी दाबून पाहा. आसन खाली गेल्यावर पिशवी चाकाला लागते का ते त्याच वेळी कळते. वळणाचे दिवे आणि मागची पाटी झाकता कामा नये.

भाची : आणि जड जिन्नस खाली व पुढे, स्वाराच्या पाठीलगत, हलके वर आणि मागे. हुकांची लवचीक दोरी मी वापरत नाही. ती ताणली जाते, हूक निसटला तर डोळ्यावर येतो, आणि सामान हळूहळू एका बाजूस सरकते. न ताणणारे पट्टे आणि घट्ट बसणारी बकले बरी. पट्ट्याचे उरलेले टोक गुंडाळून खोचलेच पाहिजे. ते चाकात किंवा साखळीत गेले तर सामानाचा नव्हे, जिवाचा प्रश्न होतो. पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरनंतर थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळायचे, कारण सामान तेवढ्यात बसते.

मामा : खरेदीपूर्वी परीक्षा कशी करशील?

भाची : दुकानात रिकामी पिशवी हवेने भरून तोंड तीनदा गुंडाळीन आणि तिच्यावर दोन्ही हातांनी भार देईन. हवा कोठून सुटते ते कानाला कळते. घरी आणल्यावर आत वर्तमानपत्राचे कोरडे कागद भरून न्हाणीघरात अर्धा तास नळीखाली धरीन, तळालाही. जेथे कागद ओला होईल, तेथे दोष. प्रवासापूर्वी घरी सापडलेला दोष परत करता येतो. आंबोलीत सापडलेला सोसावा लागतो.

मामा : हे सारे ज्याला परवडते त्याचे झाले. पण पावसात मोटारसायकलीवर सामान नेणारे सगळेच हौसेचे प्रवासी नसतात. औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे, पशुवैद्य आहे, दुर्गम पाड्यांवर जाणारा आरोग्यसेवक आहे, घरोघर पार्सल पोहोचवणारा आहे. त्यांच्या पिशवीत जे भिजते ते त्यांचे नसते, आणि त्याची भरपाई मात्र त्यांनाच करावी लागते. तुझ्या जर्मन पिशवीचा त्यांना काय उपयोग?

या प्रश्नावर भाची काही काळ बोलली नाही. आणि तिने नंतर जे सांगितले, ते मला या सर्व चर्चेत अधिक मोलाचे वाटते.

भाची : मामा, त्या जर्मन पिशवीचा जन्म कशातून झाला ते ऐका. हार्टमुट ऑर्टलिब नावाचा तरुण सायकलवरून विलायतेच्या पावसात हिंडत होता, त्याचे सामान भिजत होते, आणि शेजारून जाणाऱ्या ट्रकवरचे सामान ताडपत्रीखाली कोरडे जात होते. १९८२ मध्ये त्याने ट्रकच्या ताडपत्रीच्याच कापडाच्या पिशव्या घरच्या शिलाईयंत्रावर केल्या. सांधे वितळवून जोडण्याची कला पुढे आली. ते कापड आज आपल्या प्रत्येक मोठ्या बाजारपेठेत, ट्रकच्या अड्ड्याशेजारच्या ताडपत्रीच्या दुकानात मिळते. तेथला कारागीर उष्ण हवेने सांधा जोडतो, दररोज जोडतो. त्याला सांगायचे एवढेच : ८० सेंटिमीटर घेराची आणि ६५ सेंटिमीटर उंचीची नळी कर, तिला गोल तळ जोड, तळावर आणि गाडीकडच्या बाजूस दुसरा थर दे, वरच्या कडेला एक ताठ पट्टी घाल. तीन घड्यांत २० सेंटिमीटर गेले तरी ४५ उरतात. म्हणजे जवळजवळ तेवीस लिटर जागा. अशा दोन नळ्या एका रुंद पट्ट्याने जोडून आसनावर टाकल्या की तुमचीच दुतोंडी पडशी झाली. फाटली तर तोच कारागीर जोडील.

मामा : आणि आत खताच्या गोणीचे अस्तर?

भाची : औषधांसाठी आणि कागदांसाठी, अवश्य.

मामांनी यावर एक कागद मागवला आणि मापे लिहून घेतली. ती पिशवी पुढे झाली किंवा नाही, हा या लेखाचा विषय नव्हे. तिच्या कल्पनेत दोन्ही पक्षांचे सार आले, एवढे येथे पुरे. भाचीच्या पक्षाने सांधा शिवू नये हे शिकवले. मामांच्या पक्षाने सांधा उकलेल हे गृहीत धरून चालावे हे शिकवले. या दोन शिकवणुकी परस्परविरोधी दिसतात, परंतु त्या एकाच विवेकाचे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध आहेत.

माझे स्वतःचे मत या संवादातून जे बनले, ते असे. पिशवीची निवड तिच्या उत्तम अवस्थेवरून करू नये. ती जेव्हा आणि ज्या रीतीने दगा देईल, त्यावरून करावी. कोकणच्या पावसात, जेथे धोका सतत ओल देणाऱ्या पाण्याचा आहे आणि बाजारगाव बहुधा तासाभराच्या अंतरावर असते, तेथे सांधे वितळवलेली एकेरी पिशवी श्रेयस्कर. कारण ती ओली होऊन जड होत नाही, पुसली की कोरडी होते, आणि तिचा दोष कारागिराच्या हाती लवकर देता येतो. लडाख किंवा स्पितीच्या वाटेवर, जेथे पाऊस थोडा पण दगड, पडझड आणि ओढ्यांतून गाडी काढणे नित्याचे, आणि दुरुस्तीची जागा दोन-दोन दिवसांच्या अंतरावर, तेथे दणकट बाह्यांग व वेगळे अंतरंग ही मामांची रचना अधिक भरवशाची. बाहेरचे फाटले तरी आतले वाचते आणि आतले फाटले तर बदलता येते. दोन्ही वाटांवर ज्या वस्तूची भरपाई पैशाने होत नाही, तिला दुसऱ्या थराचे रक्षण द्यावेच.

हे मत धरले तर खरेदीचा क्रमही उलटावा लागतो. सामान्यतः मनुष्य आधी पिशवी पाहतो, मग ती गाडीवर बसवतो, आणि शेवटी तिच्यात काय मावेल ते ठरवतो. वास्तविक आधी यादी करावी : भिजले तरी चालेल ते, भिजले तर गैरसोय होईल ते, आणि भिजले तर प्रवास थांबेल ते. अशी यादी प्रामाणिकपणे केली की तिसरा वर्ग आश्चर्य वाटावे इतका लहान निघतो, आणि पहिल्या वर्गातील निम्म्या वस्तू घरीच राहू शकतात असे दिसून येते. त्यानंतर गाडीची मापे, मग वाट, मग लेप आणि सांधा, आणि सर्वांच्या शेवटी किंमत. एवढा विचार करणाऱ्यास महाग पिशवी घ्यावी लागेलच असे नाही. ताडपत्रीच्या दुकानात शे-दोनशे ट्रकांचे सामान कोरडे राखणारी विद्या तयार आहे; तिला एका स्वाराच्या तेवीस लिटरांचे माप सांगण्याचे काम मात्र आपण जाणत्या प्रवाशांनी करायला हवे, म्हणजे ज्यांची उपजीविकाच पावसातील स्वारीवर चालते, त्या आरोग्यसेवकाला आणि पार्सलवाल्यालाही ती परवडेल.